पोचा न पडणारे बॉनेट

फायबरग्लासचे बॉनेट वाकत नाही, तडकते. पत्र्याच्या बॉनेटवर नारळ पडला तर पोचा पडतो, आणि पोचा म्हणजे एक प्रकारचा तह असतो. पत्रा थोडी माघार घेतो, नारळ थोडा फुटतो, उरलेले मतभेद डेंटर हातोडीने मिटवतो. फायबरला तह ठाऊक नाही. आघात सोसण्यासारखा असेल तर ते क्षणभर लवते आणि काही घडलेच नाही अशा थाटात पूर्वपदावर येते. सोसण्यापलीकडचा असेल तर चीर जाते, तुकडा निघतो, किंवा आतले थर एकमेकांपासून सुटतात. त्यामुळे फायबरच्या गाडीसमोर डेंटर आपल्या सगळ्या हातोड्यांसह निरुपयोगी ठरतो. त्याची जागा जो घेतो त्याच्या हातात ब्रश, कात्री आणि प्लास्टिकचा पेला असतो.

या पदार्थात दोन घटक असतात आणि सुटे सुटे असताना दोघेही कुचकामी असतात. पहिला घटक काचेचे तंतू. एकेक तंतू साधारण दहा मायक्रॉन जाडीचा, म्हणजे डोक्यावरच्या केसापेक्षा कितीतरी बारीक. ओढला तर विलक्षण चिवट, पण स्वतःच्या पायावर उभे राहणे त्याला जमत नाही. दुसरा घटक पॉलिएस्टर रेझिन. ते घट्ट होऊन उभे राहते, पण एकटे असताना इतके ठिसूळ की नुसत्या रेझिनचे बॉनेट केले तर ते गाडीपर्यंत पोहोचण्याआधीच फुटेल. दोघे एकत्र आले की तंतू ताण घेतात आणि रेझिन त्यांना जागेवर धरून ठेवते. लग्नसंस्थेच्या समर्थकांनी हे उदाहरण अजून हाती कसे घेतले नाही, हे एक कोडे आहे.

दुरुस्तीचे सारे शास्त्र या एका गोष्टीतून निघते. चीर जाते तेव्हा केवळ रेझिन फाटत नाही, तंतू तुटतात. चिरेत रेझिन ओतले, वर लांबी भरली आणि रंग मारला तर चीर दिसेनाशी होते. तंतू तुटलेलेच राहतात. अशी दुरुस्ती साधारणपणे गाडी विकली जाईपर्यंत टिकते, आणि पुष्कळदा तिचा उद्देशही तेवढाच असतो.

मोटारीच्या अंगाला लोखंडाऐवजी दुसरे काही लावावे ही कल्पना जुनी आहे. हेन्री फोर्ड यांना सोयाबीनपासून प्लास्टिक करण्याचा ध्यास होता. १९४० साली त्यांनी आपल्या गाडीच्या डिकीला प्लास्टिकचे झाकण बसवून छायाचित्रकारांसमोर त्यावर कुऱ्हाड हाणून दाखवली. झाकणाला काही झाले नाही. कुऱ्हाडीच्या धारेवर रबराचे टोपण चढवलेले होते, हा तपशील छायाचित्र पाहणाऱ्यांच्या सहसा लक्षात येत नाही.

काचतंतूला खरी प्रतिष्ठा मिळाली ती शेव्हर्लेच्या कॉर्व्हेटमुळे. जानेवारी १९५३ मध्ये न्यू यॉर्कच्या वॉल्डॉर्फ ॲस्टोरिया हॉटेलातल्या प्रदर्शनात ती मांडली गेली. जूनअखेरीस मिशिगनमधल्या फ्लिंट इथे तिचे उत्पादन सुरू झाले आणि त्या वर्षी ३०० गाड्या बनल्या. सगळ्या बाहेरून पांढऱ्या, आतून लाल; रंगनिवडीचा प्रश्न कंपनीने गिऱ्हाइकाच्या वतीने स्वतःच सोडवला होता. अंगाचे चाळीसहून अधिक तुकडे एकमेकांना चिकटवून गाडी उभी राही. ते तुकडे बनवण्याचे कंत्राट ओहायो राज्यातल्या ॲशटाब्यूला गावच्या मोल्डेड फायबर ग्लास कंपनीकडे गेले. पत्रा दाबायचे पोलादी साचे तयार होण्यात बराच काळ आणि बराच पैसा गेला असता, म्हणून सुरुवातीला फायबर, पुढे मागणी वाढली की पत्रा, असा बेत होता. ती तात्पुरती सोय आज सत्तर वर्षांनंतरही चालू आहे. ज्यांनी शाळेची सगळी वर्षे पत्र्याच्या तात्पुरत्या वर्गात काढली, त्यांना यात नवल वाटणार नाही.

फायबरमधून वीज जात नाही, रेडिओच्या लहरी मात्र खुशाल जातात. या दोन गुणांनी कॉर्व्हेटच्या अभियंत्यांना बराच काळ कामात ठेवले. इतर गाड्यांत दिव्याची एक तार अंगाला टेकवली की भागते. इथे प्रत्येक दिव्याला परतीची स्वतंत्र तार लागते. उलट रेडिओची एरियल सुरुवातीच्या गाड्यांत डिकीच्या झाकणाच्या पोटातच जाळी घालून लपवता आली. पण ज्या वाटेने गाणे आत येते त्याच वाटेने इंजिनातल्या ठिणग्यांचा कडकडाटही येतो. लोखंडी बॉनेट तो अडवते, फायबरचे बॉनेट त्याला वाट देते. म्हणून डिस्ट्रिब्युटरवर आणि प्लगच्या तारांवर चकचकीत धातूची झाकणे बसवली गेली. बॉनेट उघडताच दिसणारी ही चमक नुसती शोभेची आहे असे समजून काही मालक ती काढून ठेवतात, आणि मग रेडिओ बिघडला म्हणून रेडिओवाल्याकडे जातात.

भारतीय वाचकाला फायबरची मोटार अगदीच अनोळखी नाही. बंगळुरूच्या सिपानी कंपनीने १९८० च्या दशकात डॉल्फिन नावाची दोन दरवाजांची लहान गाडी काढली होती. तिचे मूळ इंग्लंडमधल्या रिलायंट किटनमध्ये होते आणि अंग फायबरचे होते. त्या काळी बहुतेक गाड्या आणि त्यांचे गॅरेजवाले पत्र्यावरच वाढलेले होते, हे लक्षात घेतले म्हणजे एकेका डॉल्फिनच्या नशिबी काय आले असेल याची कल्पना करता येते. आज कोकणच्या किनाऱ्यावर मासेमारीच्या फायबरच्या होड्या दुरुस्त करणारे कारागीर आहेत. जुन्या कॉर्व्हेटच्या बॉनेटला जे काम लागते ते त्यांच्या रोजच्या कामाहून फारसे वेगळे नाही. फरक एवढाच की होडीवर उन्हात उजेड तिरपा पाडून कोणी दोष शोधत बसत नाही.

जुन्या गाडीच्या बाबतीत पहिला प्रश्न येतो तो असा की दुरुस्ती करावी कशाला, नवे बॉनेट का घेऊ नये? अमेरिकेत कॉर्व्हेटच्या जवळजवळ प्रत्येक वर्षाच्या बॉनेटची नक्कल मिळते. व्यवहारी माणूस ती घेतो. पण जुन्या गाड्यांचा मालक व्यवहारी असता तर त्याच्याकडे जुनी गाडी नसती. शिवाय मूळ बॉनेट आणि नक्कल यांत फरक असतो. कारखान्यातले बॉनेट दोन साच्यांमध्ये दाबून काढलेले, त्यामुळे दोन्ही अंगांनी गुळगुळीत. स्वस्त नक्कल हाताने एकाच साच्यात थर देऊन केलेली, त्यामुळे वरून चकचकीत आणि खालून तंतूंचे जावळ दिसणारी. हा फरक खालून वाकून, विजेरी मारून पाहिल्याशिवाय कळत नाही. नॅशनल कॉर्व्हेट रिस्टोरर्स सोसायटी या संस्थेचे परीक्षक मात्र नेमके तेच करतात. १९७४ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेच्या तपासणीत सर्वोच्च श्रेणीसाठी किमान ९४ टक्के गुण लागतात. इतके गुण मिळवण्याची सवय अनेक मालकांना विद्यार्थिदशेत नसते, त्यामुळे उतारवयात ते ही हौस अटीतटीने भागवतात. १९६७ च्या, मोठ्या ४२७ घनइंची इंजिनाच्या कॉर्व्हेटवरचे निमुळत्या उंचवट्याचे अस्सल बॉनेट कोणाच्या हाती लागले तर त्यावर कितीही चिरा असोत, ते टाकून देण्याचा सल्ला देणारा मित्र पुन्हा घरी बोलावला जात नाही.

बॉनेट खराब होण्याच्या कारणांत अपघाताचा क्रमांक पहिला असेल असे वाटते. प्रत्यक्षात बॉनेटचा मोठा शत्रू म्हणजे ते बंद करणारा माणूस. इंजिनावर विसरलेला पाना, आणि वरून विश्वासाने आपटलेले बॉनेट, ही त्यातली अभिजात रीत. दुसरी रीत आधाराच्या दांडीची. १९६३ पासूनच्या जुन्या कॉर्व्हेटचे बॉनेट पुढच्या बाजूला बिजागरीवर असते आणि काचेकडून उघडते. त्याला दांडीचा आधार एकाच बाजूला असतो. ती दांडी मोकळी न करता बॉनेट खाली दाबले की एक बाजू खाली येते, दुसरी जागच्या जागी राहते, आणि मधला भाग काय तो निर्णय घेतो. ‘अडकलंय कुठेतरी’ असे म्हणून आणखी जोर लावणे हा मानवी स्वभाव आहे. दांडीपाशी पडलेल्या बहुतेक चिरा त्या स्वभावाच्या आहेत.

इंजिनाची ताकद वाढवण्याचा नादही बॉनेटच्या मुळावर येतो. मोठा कार्ब्युरेटर बसवला की त्यावरचे एअर क्लीनरचे भांडे उंचावते. बॉनेट लागते, पण भांड्यावर टेकून लागते. प्रत्येक खड्ड्याला आतून एक ठोसा बसतो आणि काही महिन्यांनी रंगावर गोल नक्षी उमटते. कार्ब्युरेटरने मागे आग ओकली तर नुकसान वेगळ्या जातीचे असते. रेझिन जळून जाते आणि काचेचे पांढरे फडके तेवढे मागे राहते.

पण कोणत्याही बॉनेटवरचा सर्वांत खोल घाव म्हणजे आधीची दुरुस्ती. पन्नास-साठ वर्षांत गाडीला अनेक मालक झालेले असतात आणि प्रत्येकाचा स्वतःच्या हातावर विश्वास असतो. रंग खरवडू लागले की एकेका कालखंडाचे अवशेष वर येतात. आधी लांबीचा जाड थर, त्याखाली दुसऱ्या रंगाच्या लांबीचा थर, त्याखाली रिव्हेट मारून बसवलेली ॲल्युमिनियमची पट्टी, आणि सर्वांत खाली मूळ चीर, जिच्या एकाही तंतूला इतक्या वर्षांत कोणी हात लावलेला नसतो. अशा बॉनेटचे वजनच बोलके असते. उचलताना दोन माणसे लागली तर त्यातले निम्मे बॉनेट असते, निम्मा इतिहास.

निदान नाण्याने करतात. नाण्याच्या कडेने बॉनेटभर हलके टकटक करत जायचे. शाबूत जागी आवाज खणखणीत येतो, थर सुटलेल्या जागी भदभद येतो. जिथे आवाज बदलतो तिथे पेन्सिलीने खूण करायची. वरून बोटभर दिसणाऱ्या चिरेभोवतीची खूण पुष्कळदा ताटाएवढी होते. मग खालून पाहायचे. बॉनेटला खालच्या अंगाने मजबुतीचा एक सांगाडा चिकटवलेला असतो. तो कडेने सुटला असेल तर वरच्या चिरेला दोष देण्यात अर्थ नाही. बिजागरीचे बोल्ट सैल झाले असतील, एखादी कडी वाकडी बसली असेल, तर तेही आताच शोधायचे. चीर दिसते समोरून, पण तिचे कारण बहुतेक वेळा मागे असते, आणि ते कारण तसेच ठेवून केलेले काम कितीही सुबक असले तरी चीर ठरल्या जागी परत येते.

रंग काढताना घाई करणारे बॉनेटच काढून टाकतात. रंग विरघळवणारी जहाल रसायने रेझिनलाही मऊ करतात, आणि वाळूचा फवारा तंतूंपर्यंत पोहोचतो. जुन्या लॅकरसाठी कॉर्व्हेटवाले दाढीचे पाते वापरतात. पाते चपटे धरून, थराखाली सरकवून, रंगाच्या सालपटी काढत जायचे. काम संथ आहे आणि वरकरणी वेडेपणाचे दिसते, पण पाते फक्त रंग काढते, पदार्थाला धक्का लावत नाही. उरलेसुरले पॉलिश पेपरने घासायचे.

यानंतर तुटलेला भाग ग्राइंडरने घासायचा असतो, आणि इथे खाजेच्या प्रकरणाला सुरुवात होते. काचतंतूची धूळ म्हणजे काचेचे न दिसणारे असंख्य काटे. ते कातडीच्या छिद्रांत शिरतात आणि तिथेच मुक्काम करतात. मास्क आणि चष्मा हवाच, कारण फुप्फुसाला आणि डोळ्याला खाजवता येत नाही. पूर्ण बाह्यांचा सदरा घालावा, मनगटावर आणि मानेवर आधीच टाल्कम पावडर चोपडावी म्हणजे छिद्रे बुजतात. काम झाल्यावर गार पाण्याने, न चोळता अंग धुवावे. गरम पाण्याने छिद्रे उघडतात आणि चोळण्याने काटे आणखी आत जातात, तरीही पहिल्यांदा हे काम करणारा प्रत्येक जण नेमके हेच दोन्ही करतो. चिकटपट्टी लावून ओढल्यास काही काटे निघतात, कातडीवरचे केस सगळे निघतात. कामाचे कपडे घरच्या धुण्यात टाकू नयेत. ते टाकले गेले तर खाज घरातल्या प्रत्येकाला समान वाटली जाते, आणि या छंदाला असलेला कुटुंबाचा पाठिंबा साधारण त्याच आठवड्यात संपतो.

घासायचे किती, याचा नियम नवख्याला पटत नाही. चीर रेघेएवढी असते, पण तिच्या दोन्ही बाजूंनी उतार करत जावे लागते. होड्यांच्या कामात जाडीच्या बारापट लांबीचा उतार चांगला मानतात. बॉनेट अडीच-तीन मिलिमीटर जाडीचे धरले तर चिरेच्या दोन्ही अंगांना तीन-साडेतीन सेंटिमीटर शाबूत फायबर घासून पातळ करायचे. चांगले बॉनेट आपल्या हाताने बिघडवण्याचा हा टप्पा बघ्याला बघवत नाही. पण नव्या तंतूंना जुन्या तंतूंवर लांबवर पसरायला जागा मिळाली तरच ताण इकडून तिकडे जातो. काठाला काठ टेकवून केलेला जोड फक्त रेझिनच्या भरवशावर असतो, आणि एकट्या रेझिनची लायकी वर आलीच आहे.

बॉनेट या वेळी गाडीवर बोल्टने बसवलेले असावे, किंवा त्याच्या आकाराच्या चौकटीत आवळलेले. भिंतीला तिरपे टेकवून ठेवलेले बॉनेट किंचित पीळ खाते. त्या अवस्थेत रेझिन घट्ट झाले की तो पीळ कायमचा होतो, आणि पुढे मालक आयुष्यभर समजतो की गाडीच वाकडी आहे.

आता रसायन. पॉलिएस्टर रेझिन द्रव असते आणि त्यात हार्डनर घातला की घट्ट होते. हार्डनर म्हणजे एक सेंद्रिय पेरॉक्साइड. त्याचे प्रमाण वजनाने एक ते दोन टक्के. कमी पडला तर रेझिन दिवसेंदिवस चिकटच राहते आणि काही वेळा कधीच वाळत नाही. जास्त झाला तर ते तापते, धुरकटते आणि आतून तडकते. भारतात बहुधा कोबाल्टचे जांभळे प्रवेगक वेगळ्या बाटलीत देतात. ते आधी रेझिनमध्ये नीट मिसळायचे आणि त्यानंतरच हार्डनर घालायचा. कोबाल्ट आणि हार्डनर थेट एकमेकांत कधीही मिसळू नयेत, आग लागते, स्फोटही होतो. आणि हार्डनरचा थेंब डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. या विषयात विनोदाला जागा नसलेली ही एवढीच दोन वाक्ये आहेत.

हार्डनर पडल्यापासून साधारण पंधरा-वीस मिनिटे मिळतात. उन्हाळ्यात त्याहूनही कमी. या अवधीत फोन वाजतो. फोन घेणाऱ्याला परतल्यावर पेल्यात ब्रश ठोकून बसवलेला मिळतो. पेल्यातले रेझिन अंगावर पसरलेल्या रेझिनपेक्षा आधी आळते, कारण घट्ट होताना उष्णता सुटते आणि खोल भांड्यात ती कोंडते. म्हणून जाणते लोक थोडे थोडे कालवतात आणि पसरट भांड्यात ठेवतात. अजाणते लोक एकदाच भरपूर कालवतात, म्हणजे पुन्हा पुन्हा मोजायला नको.

थर द्यायला तुटक तंतूंची मॅट वापरतात. चौरस मीटरला ३०० किंवा ४५० ग्रॅम अशा वजनांवरून ती ओळखली जाते. मॅटमधले तंतू एका बांधणीने धरलेले असतात. रेझिनमधल्या स्टायरीनने ती बांधणी विरघळते आणि मॅट मऊ होऊन वळणावर बसते. इपॉक्सीत स्टायरीन नसते, म्हणून तीच मॅट इपॉक्सीत भिजवली तर ती ताठ राहून कडा वर उचलते. इपॉक्सीबरोबर विणलेले कापड घ्यावे लागते. पॉलिएस्टर की इपॉक्सी हा कॉर्व्हेटवाल्यांमधला जुना वाद आहे. इपॉक्सी जुन्या पृष्ठाला जास्त घट्ट धरते. पॉलिएस्टरवाले म्हणतात, गाडी ज्या पदार्थाची तोच पदार्थ लावावा. दोघांचेही काम टिकते. टिकत नाही ते दोन्ही पक्षांना खूश ठेवणाऱ्याचे, कारण इपॉक्सीवर पॉलिएस्टर चढवले तर ते नीट घट्ट होत नाही आणि पापुद्रा सुटून येतो. गाडी १९७० च्या दशकातली किंवा नंतरची असेल तर प्रश्न आणखी वेगळा होतो. तेव्हापासून तुकडे साच्यात तापवून दाबलेल्या दुसऱ्या जातीच्या मिश्रणाचे होऊ लागले. साच्यातून सहज सुटावे म्हणून त्या मिश्रणातच निसटवणारा पदार्थ घातलेला असतो, आणि तो साध्या पॉलिएस्टरलाही तितक्याच सहजपणे निसटवतो. अशा बॉनेटला त्यासाठीचाच चिकटा लागतो.

सुरुवात मागच्या बाजूने करावी. वरच्या अंगाला मेण लावलेली किंवा प्लास्टिकने झाकलेली लवचीक पट्टी आवळून वळण कायम राखायचे, आणि खालून मॅटचे तुकडे एकावर एक लावायचे. यातही दोन संप्रदाय आहेत. एक सांगतो, आधी मोठा तुकडा आणि वर लहान होत जाणारे. दुसरा सांगतो, आधी लहान आणि शेवटी सगळ्यांना झाकणारा मोठा. पहिल्याच्या बाजूने असे म्हणता येते की सर्वांत लांब तंतू थेट जुन्या पृष्ठाला चिकटतात आणि नंतर घासताना कापले जात नाहीत. दुसऱ्याच्या बाजूने असे म्हणता येते की ते नीटनेटके दिसते. प्रस्तुत लेखाचा कौल पहिल्याला आहे.

प्रत्येक थर रुळाने दाबून हवा बाहेर काढायची. नीट भिजलेली मॅट पारदर्शक होते. पांढरा ठिपका राहिला तर तिथे हवा आहे किंवा रेझिन पोहोचलेले नाही. तो ठिपका वाळल्यावर आपोआप जाईल अशी आशा अनेकांनी बाळगली आहे. वरचा थर हवेच्या संपर्कात बराच काळ चिकट राहतो, कारण ऑक्सिजन त्याला घट्ट होऊ देत नाही. त्यावर प्लास्टिकचा कागद ताणून बसवला की चिकटपणा जातो आणि पृष्ठही गुळगुळीत होते, जणू कारखान्यातून आले. माश्याही अडकत नाहीत. मग पट्टी काढून वरच्या बाजूने चिरेवर पसरट खोबण घासायची आणि तिच्यात पातळ थर द्यायचे, पण मूळ पातळीच्या जरा खाली थांबायचे.

इथे थांबायचे म्हणजे खरोखर थांबायचे. रेझिन तासाभरात टणक लागते, पण आकसण्याचे त्याचे काम पुढे कित्येक दिवस चालते. शक्य असेल तर बॉनेट उन्हात ठेवावे म्हणजे जे काय आकसायचे ते रंगाआधी आकसून होते. घाईने रंगवलेले बॉनेट गॅरेजच्या सावलीत निर्दोष दिसते. पहिल्याच कडक उन्हात त्यावर मॅटच्या तंतूंची नक्षी आणि ठिगळाची सीमारेषा उमटते, काळ्या किंवा गडद निळ्या गाडीवर तर नकाशाइतकी ठळक.

लांबी शेवटी येते आणि पातळ येते. जिथे दोन मिलिमीटरहून अधिक लांबी भरावी लागते आहे, तिथे खाली एक थर कमी पडला असे समजावे. घासताना पॉलिश पेपर लांब फळीला लावून घासायचे. बोटांनी दाबून घासले तर बोटांच्या मापाच्या खाचा पडतात. वरून काळ्या रंगाचा विरळ फवारा मारून पुन्हा घासले की उंच जागी काळे लगेच जाते आणि खोल जागी टिकून राहते. डोळ्याला सपाट दिसणारे आणि खरोखर सपाट यांतले अंतर या काळ्याने कळते, आणि बहुतेकांना ते कळायला नको असते. मग प्रायमर, पुन्हा घासणे, सुईच्या टोकाएवढी भोके बुजवणे, पुन्हा प्रायमर. ही भोके कोंडलेल्या हवेची असतात. रंग भट्टीत जास्त तापवला तर त्यातून फोड येतात, म्हणून फायबरला पत्र्यापेक्षा कमी आच देतात.

रंगाच्या बाबतीत परीक्षेला बसणाऱ्या गाड्यांची अडचण और आहे. १९६० च्या दशकात कारखान्यातले रंगारी ॲक्रिलिक लॅकर मारत आणि त्यांना पुढची गाडी उरकायची असे. कुठे फवारा कोरडा पडे, कुठे पृष्ठ खरखरीत राही. आजचा कसबी कारागीर आरशासारखे बॉनेट करून देतो आणि परीक्षक त्याचे गुण कापतात, कारण ती गाडी नवी असताना इतकी चांगली कधीच नव्हती. मग मालक त्याच कारागिराला जादा पैसे देऊन त्याचे काम बेताने बिघडवून घेतो. बिघडवण्याचे दर घडवण्याच्या दरांपेक्षा चढे असतात. सगळे आयुष्य सफाई कमावण्यात घालवलेल्या माणसाला नेमका १९६७ सालचा निष्काळजीपणा मोजून करायला सांगितल्यावर तो तेवढे मागणारच.

बॉनेट बसवताना बिजागरीखाली पातळ चकत्या घालत किंवा काढत चारही बाजूंची फट सारखी करतात. पूर्ण सारखी होत नाही. कारखान्यातही होत नसे. कडा कुठे टेकत नाही ना, एअर क्लीनरवर किती जागा राहते, हे पाहण्यासाठी भांड्यावर मऊ मातीचा गोळा ठेवून बॉनेट हळूच लावतात आणि गोळा किती चेपला ते बघतात. दांडी आधी मोकळी करावी. पाने मोजावेत.

बंद करण्याआधी एक तपासणी उरते, आणि तिच्याकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. या बॉनेटला मागच्या दोन कोपऱ्यांत दोन कड्या असतात आणि आतून ओढायच्या केबलने त्या एकदम सुटतात. कड्यांना ग्रीस नसेल, किंवा केबल जुनी असेल, तर एक कडी सुटते आणि दुसरी सुटत नाही, किंवा केबलच हातात येते. म्हणून शहाणे मालक केबल नवी घालतात, आणि कड्यांना एक जादा तार बांधून ती गाडीच्या खालून हाताला लागेल अशी सोडून ठेवतात. ज्यांनी हे केलेले नाही त्यांना गाडीखाली आडवे होऊन, गरम इंजिनाच्या कडेने हात वर घालून, न दिसणारी कडी बोटांनी चाचपडावी लागते. तेही जमले नाही तर काही जण कडीच्या अंदाजाने बॉनेटलाच भोक पाडतात. अंदाज सहसा दुसऱ्या भोकाला बरोबर येतो. या भोकांची दुरुस्ती वर सांगितलेल्या क्रमानेच करावी, आणि सुरुवात मागच्या बाजूने करावी.